आमिश पोरांनी घर सोडायचंच तर बाप्तिस्म्याआधी की नंतर?

बघा, आमिश म्हणजे अमेरिकेतला जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ, त्यांच्यात जन्माला आलं म्हणून कुणी चर्चचा मेंबर होत नाही, सोळाव्या वर्षी रुमस्प्रिंगा सुरू होतो, म्हणजे वीकेंडला मित्रमैत्रिणींसोबत फिरायचं, जोडीदार बघायचा, आणि मग साधारण १८ ते २२ च्या दरम्यान स्वतः ठरवून बाप्तिस्मा घ्यायचा. टीव्हीवाले दाखवतात तसा सगळीकडे दारूचा धिंगाणा नसतो हां, बऱ्याच ठिकाणी नुसती रविवार संध्याकाळची गाणी.

आता बाप्तिस्म्याआधी निघालात तर आईबाप रडतील, पण बाप्तिस्म्याला घेतात ती शपथच मोडलेली नाही म्हणून बहिष्कार नाही, घरी येणंजाणं चालू राहतं. नंतर सोडलं की मात्र मायडुंग, म्हणजे बहिष्कार! कडक गटांत तर सख्ख्या आईच्या घरीही वेगळ्या टेबलावर जेवायचं आणि तुमच्या हातून कुणी काही घ्यायचं नाही, याच कडकपणावरून १६९३ मध्ये याकोब अम्मानने, ज्याच्या नावावरून आमिश हे नाव पडलं, वेगळी चूल मांडली होती.

मग थांबावं ना निवांत? पण बाप्तिस्म्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नाही, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला सुगीनंतर मंगळवार-गुरुवारी लग्नांची रांग लागते आणि आवडती मुलगी काय थांबणार! माझ्या मते खरा दबाव इथेच आहे.