रावपुऱ्यातलं शेअर ऑफिस, बाहेरच्या बँकेचे शेअर घेताना आलेला अनुभव
बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, घरात तीन पिढ्या बँक ऑफ बडोदाचीच पासबुकं, त्यामुळे बँक शेअरवर जीव. पण ४ जून २०२४ ला निवडणूक निकालाच्या दिवशी सरकारी बँकांचे शेअर धडाधड पडले, तेव्हा हात पोळले, म्हणून म्हटलं थोडे पैसे बाहेर टाकू, न्यूयॉर्कला मिळतात ते नॅटवेस्ट आणि लॉईड्स या ब्रिटिश बँकांचे एडीआर (म्हणजे परदेशी कंपनीच्या शेअरच्या बदल्यात अमेरिकेत डॉलरमध्ये विकले जाणारे कागद).

रावपुऱ्यात जिना चढून गेलो, तिथल्या ब्रोकर काकांनी आधी चहा मागवला आणि सरळ विचारलं, स्कॉटलंड ब्रिटनपासून वेगळं झालं तर काय कराल? मला काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी वहीत पेनाने लिहून दाखवलं, सप्टेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडने वेगळं व्हायचं का यावर मतदान होतं, त्याआधीच्या एका पोलमध्ये 'हो' वाले पुढे गेले तर लगेच दोन्ही शेअर पडले, दोन्ही बँकांनी सांगून टाकलं की तसं झालं तर स्कॉटलंडमधलं रजिस्टर्ड ऑफिस इंग्लंडला नेऊ, मग १८ तारखेला ५५ टक्के लोक 'नाही' म्हणाले आणि शेअर परत वर. २०२२ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने लंडनच्या परवानगीशिवाय नवं मतदान नाही म्हटलं, म्हणजे धोका लांब गेलाय पण संपला नाही. एवढं समजावून कोणी सांगतं का हो आजकाल!

एकच तक्रार, पैसे पाठवायचा चार्ज आणि डॉलरच्या भावातला फरक आधी बोलले नाहीत, तो स्टेटमेंटमध्ये दिसला. विचारल्यावर माफी मागितली, पण आधी सांगायलाच हवं होतं. तरी मी आईचंही खातं इथेच उघडतोय.