रेडिओग्राफीवाल्यांसाठीचा औषध देण्याचा कोर्स केला, नक्की करा (एक तक्रार आहे)
सीटी स्कॅनला बरीच वर्षं काम करतेय, कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये आतलं नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणं रोजचंच, त्यामुळे स्टाफ आणि स्टुडंट्ससाठीच्या या ट्रेनिंगला जाताना नवीन काय सांगणार असं वाटत होतं. पण झाल्यावर मनात एकच आलं, हे मला पहिल्या वर्षी का नाही मिळालं.

सुरुवातच जबरदस्त आहे. टेबलावर दोन सिरिंज ठेवतात, एकीत सलाईन, दुसरीत कॉन्ट्रास्ट, लेबल कशालाच नाही, आणि विचारतात ओळखा बघू. दोन्ही पाण्यासारखं दिसतं, छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून औषध भरलं की सिरिंज खाली ठेवायच्या आधी लेबल लावतेच.

सगळ्यात जास्त पटला तो औषध शिरेबाहेर जाण्याचा भाग. इंजेक्टर सेकंदाला 3-4 मिली ढकलतो, कॅन्युला (शिरेत घातलेली बारीक नळी) जरा जरी सरकली तरी हात फुगायला वेळ लागत नाही, म्हणून आधी सलाईनचा फ्लश देऊन तिथे बोट ठेवून बघायचं. माझ्याकडे एक आजी "चुरचुरतंय गं" म्हणाल्या होत्या आणि मी "गरम वाटतंच आजी, होईल कमी" म्हणून स्कॅन चालू ठेवला, त्यांचा हात कोपरापर्यंत सुजला. इथे नीट कळलं की कॉन्ट्रास्टची ऊब अंगभर येते, सुईच्या जागीच आग होत असेल तर इंजेक्टर लगेच थांबवायचा. आजींचा तो हात अजून डोळ्यासमोर येतो.

मासे-कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीन कॉन्ट्रास्ट चालणार नाही हा गैरसमजही दूर केला, विचारायचं असतं ते आधी कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आली होती का. मेटफॉर्मिनचंही (डायबिटीसची गोळी) स्पष्ट सांगितलं, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर 48 तास बंद आणि किडनी परत तपासूनच सुरू. ॲनाफिलॅक्सिसची (जिवावर बेतणारी ॲलर्जीची रिॲक्शन) प्रॅक्टिस पुतळ्यावर होते, मोठ्या माणसाला ॲड्रेनालिन 0.5 मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि ॲम्प्युलवरची स्ट्रेंग्थ मोठ्याने वाचायला लावतात, ही सवय फार कामाची.

तक्रार म्हणजे एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे गॅडोलिनियम, दहा मिनिटांत उरकलं, आणि लहान मुलांच्या वजनाप्रमाणे डोस काढायची गणितं दोनच दिली. स्टुडंट्स नेमके तिथेच अडकतात, माझ्या शेजारची मुलगी दुसऱ्या गणितात दशांश चिन्ह चुकली आणि ते तपासायच्या आधीच पुढची स्लाईड लागली. हा भाग वाढवायलाच हवा.