भिलार: मुलांसह पुस्तकांच्या गावी
पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यानचे, स्ट्रॉबेरीसाठी ओळखले जाणारे भिलार मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. येथे पुस्तके गावकऱ्यांच्या घरांत मांडलेली असून ती बसून वाचण्यासाठी पैसे पडत नाहीत. साताऱ्याहून आम्ही गेलो, तेव्हा एरवी पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू करणारी आमची धाकटी एका पडवीत पालथी पडली आणि हातातले गोष्टींचे पुस्तक संपवूनच उठली. त्या वेळात घरच्या आजी शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या, ‘काय वाचतेस?’ असे त्यांनी एकदाही विचारले नाही, आणि मला तेच सर्वांत भावले. घाईने उरकण्याचे हे ठिकाण नव्हे, पूर्ण दिवस ठेवावा. परतल्यावर आम्ही काचेच्या कपाटातली तिची पुस्तके काढून तिच्या हाताला येतील अशी खालच्या फळीवर लावली.