वॉर्डातल्या किशोरांच्या हाती स्वतःची फाइल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तेरा ते सतरा वयाच्या, वॉर्डात भरती असलेल्या मुलामुलींना पेशंट पोर्टलचं (रुग्णाला आपली फाइल, रिपोर्ट आणि डॉक्टरांचे मेसेज दाखवणारं हॉस्पिटलचं ॲप) स्वतःचं लॉगिन देऊन आठ महिने होत आले. सोय ठेवावी अशीच आहे. पण ती बिघडते ॲपमध्ये नव्हे, नोंदणीच्या टेबलावर.

मूल लहान असताना केलेल्या नोंदणीत मोबाइल नंबर पालकांचाच असतो. त्यामुळे ओटीपी आईच्या फोनवर जातो, पासवर्ड तीच ठरवते आणि 'मुलाचं खातं' नावापुरतंच मुलाचं उरतं. डॉक्टर मात्र मुलाशी बोलतोय असं समजून मेसेज लिहितात. म्हणून क्रम पाळायचा: आधी नोंदणीतला नंबर आणि ईमेल बदलायचा, मग पालकांना वेगळं प्रॉक्सी खातं, म्हणजे मुलाची फाइल मर्यादित स्वरूपात पाहण्याचं त्यांचं स्वतःचं लॉगिन, काढून द्यायचं, आणि शेवटी मुलाला लिंक पाठवायची, तीही पालक खोलीबाहेर असताना. स्वतःचा फोन नसेल तर बेडजवळचा टॅब्लेट चालतो. तो काही मिनिटांत आपोआप लॉगआउट व्हायलाच हवा, नाहीतर भेटायला आलेले पाहुणे निवांत फाइल चाळतात.

दुसरी गळती जास्त चिवट. व्यसन, लैंगिक संबंध, आत्महत्येचे विचार यांबद्दल मुलाशी एकट्याने झालेलं बोलणं डॉक्टर गोपनीय नोटमध्ये लिहितात आणि काम झालं असं समजतात. पण गर्भनिरोधक गोळी औषधांच्या यादीत दिसते, प्रेग्नन्सी टेस्ट लॅबच्या यादीत. कालची नोट आजच्या साध्या नोटमध्ये कॉपी-पेस्ट झाली की गोपनीय वाक्यही तिच्यासोबत येतं, आणि डिस्चार्ज समरीचा छापील कागद तर सरळ पालकांच्या हातात पडतो. नोट लपवली म्हणजे ऑर्डर (डॉक्टरांनी लिहिलेलं औषध किंवा तपासणी) लपली असं नाही, दोन्ही वेगवेगळ्या लपवाव्या लागतात. खात्री करायची तर नकली पेशंट तयार करून प्रॉक्सी लॉगिनमधून सगळे टॅब स्वतः उघडून बघावेत. सेटिंगच्या पानावर विसंबू नये.

रिपोर्ट तयार होताच दिसतात. अमेरिकेत २०२१ पासून ते विनाकारण अडवता येत नाहीत. मर्यादेबाहेरच्या आकड्यावर येणाऱ्या लाल खुणेने मुलं घाबरतात, आणि कित्येकदा उगाच. सुईने रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच जास्त येतं. अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तात मोजलं जाणारं, यकृत आणि हाडांतून येणारं एन्झाइम) हाडं वाढण्याच्या वयात ३००च्या वर गेलं तरी नॉर्मल असू शकतं, पण प्रौढांची १२०-१३०ची मर्यादा लावलेली असेल तर लाल होणारच. लॅबला वयानुसार मर्यादा भरायला लावणं हे इथलं सर्वांत स्वस्त काम, आणि तेच राहून जातं. बायोप्सी किंवा स्कॅनच्या बाबतीत नमुना पाठवण्याआधीच विचारावं: रिपोर्ट आल्या आल्या बघायचाय, की राउंडला डॉक्टर सांगतील तेव्हा?

फायदा सर्वांत ठळक दिसतो तो औषधांच्या यादीत. डोस किलोमागे मिलिग्रॅमने ठरतो, त्यामुळे फाइलमधलं जुनं वजन किंवा गाळलेली ॲलर्जी मुलाने दाखवून दिली तर ती खरी मदत. राउंडला प्रश्नही नेमके येतात. गुंगीच्या औषधांवर असलेल्या मुलाला मात्र लॉगिन देण्याची घाई नको. पासवर्ड विसरतो आणि नर्सला रोज रीसेट करत बसावं लागतं.

डिस्चार्जच्या दिवशी टॅब्लेट परत घेताना त्यावर सेव्ह झालेला पासवर्ड पुसून टाकावा. हे अजूनही दर आठवड्याला कुणीतरी विसरतंच.