कॉकटिलला (शेंडीवाल्या छोट्या परदेशी पोपटाला) घेऊन जळगाव ते धुळे: तारेचा पिंजरा की अ‍ॅक्रिलिकचा डबा?

तारेच्या पिंजऱ्यात हवा खेळती राहते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा हे फार मोलाचं. पण गाडी खड्ड्यात आदळली की पक्षी बिथरून फडफडतो आणि नखं तारेत अडकतात. वर सरकणारं दार तर कॉकटिल चोचीनं आरामात उचलतो, क्लिप लावाच. तिन्ही बाजूंना सुती कापड टाका, निम्मी घाबरगुंडी तिथंच कमी होते.

अ‍ॅक्रिलिकचा डबा भक्कम, आतून गुळगुळीत. मात्र उन्हात उभ्या गाडीत भट्टीसारखा तापतो, भोकं कितीही असोत. थंडीतल्या पहाटे तोच बरा.

(देशी पोपटाचा प्रश्नच नाही, तो पाळायला कायद्यानंच बंदी आहे.)

उन्हाळ्यात मी पिंजराच घेईन. झोपाळा काढून लाकडी दांडी खालीच घट्ट बसवायची, पाण्याच्या वाटीऐवजी काकडीची फोड ठेवायची.