महूतलं वर्दीचं दुकान : डीएससीत परतणाऱ्यांनी काय शिवावं, काय उसवावं

पेन्शन आलेला जवान डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये (डीएससी, म्हणजे संरक्षण खात्याच्या ठिकाणांवर पहारा देणारं लष्कराचं दल) पुन्हा भरती झाला की इंदूरकडचे बरेच जण जुनी ट्रंक उघडतात आणि त्यातली वर्दी जवळच्या शिंप्याकडे ढिली करायला टाकतात. राजवाड्याच्या आसपासचे कारागीर हाताचे चांगले, पण फौजी वर्दीत कुठे कात्री लावायची नाही हे त्यांना ठाऊक नसतं. या कामाला महूच गाठावं. सरवटे बसस्थानकावरून राऊमार्गे जायचं, छावणीतल्या मेन स्ट्रीटवरून आत वळायचं, तिथे मिलिटरी टेलरचं हे छोटं दुकान आहे.

इथला मास्टर टेप काढण्याआधी कागद मागतो : डिस्चार्ज बुक आणि रुजू होण्याचं पत्र. एवढ्या एका सवयीसाठी हे दुकान इतरांपेक्षा वर ठेवावं लागतं. कारण डीएससीत माणूस शिपाई म्हणूनच घेतला जातो, मग तो आधी नायक असो वा हवालदार. हवालदाराच्या तीन फिती घेऊन तिथे उभं राहता येत नाही. ज्या फितींसाठी अर्धं आयुष्य गेलं त्या उतरवणं जड जातं, आणि म्हणूनच ते काम ब्लेडने ओरबाडून होऊ नये. मास्टर बाही उलटी करून आतून दर तिसरा टाका कापतो, मग दोरा ओढून घेतो. ओलं फडकं, वाफ आणि बारीक ब्रशने सुईची भोकं बरीचशी मिटतात. फितीखालचं कापड मात्र उन्हापासून वाचलेलं असतं, त्यामुळे तिथे गडद ठसा राहतो. त्यावर इलाज नाही. ठसा ठळक असेल तर शर्ट नवा घ्या, असं मास्टर सरळ सांगतो.

पदकांचं तसं नाही, ती तुमचीच राहतात. रिबन बार, म्हणजे पदकांच्या रंगीत रिबनांची पट्टी, डाव्या खिशावर, मानाने सगळ्यात वरचं पदक छातीच्या मध्याकडे, बाकीची क्रमाने बाहेर. इथे हमखास चूक होते ती दीर्घ सेवा पदकांत. २० वर्षांचं पदक मिळालं की ९ वर्षांचं काढायचं नसतं. दोन्ही लागतात, २० आधी आणि ९ त्याच्या बाहेर. १५ ऑगस्ट २०२२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळालेलं पंचाहत्तरीचं स्वातंत्र्य पदक या दोन्हींच्या आधी येतं. बार बनवण्याचं काम दुकानात नीट होतं, पण रिबन पट्टीवर नुसत्या गोंदाने चिकटवतात. दमट हवेत ती सुटते. मागून दोन टाके घालून मागा, मास्टर नाही म्हणत नाही. जुन्या रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला, हॅकल (टोपीवरचा तुरा) आणि लॅनयार्ड (खांद्यावरची गोफाची दोरी) मात्र घरीच ठेवायचे. मराठा असो, महार असो की बॉम्बे सॅपर्स, आता कोअर बदलली.

कॉम्बॅट वर्दीचा प्रश्न वेगळा आहे. नवी डिजिटल ठिपक्यांची वर्दी १५ जानेवारी २०२२च्या सेना दिनाला पहिल्यांदा दिसली. त्याआधी डिस्चार्ज झालेल्यांच्या ट्रंकेत जुना नमुना असतो. तो दुरुस्त करण्यावर पैसे घालवू नका. नव्या नमुन्याचं डिझाइन सेनेच्या नावावर नोंदलेलं आहे, बाहेर कापड विकणं-शिवणं बेकायदा ठरतं. बाजारात मिळणारं तसलं कापड हे दुकान हातात घेत नाही, कॅन्टीनमधून किंवा युनिटकडून आलेल्या वर्दीचंच फिटिंग करतं. हा नियम पाळणारा टेलर विश्वासाचा समजावा. फिटिंगही थोडंच लागतं : जाकीट पँटच्या बाहेर राहतं, आत टी-शर्ट असतो, कंबरेला इलॅस्टिक आणि बटणं असतात. जाकीट अंगाबरोबर घट्ट करून मागणाऱ्यांना मास्टर परत पाठवतो, आणि बरोबर करतो. खांद्यावर रायफल आली की काखेत ओढ बसते.

ऑलिव्ह ग्रीन पँट ढिली करायची असेल तर आधी मागच्या शिलाईतला दाब, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, बघायला सांगा. दाब दीड इंच असेल तर कंबर जवळपास तेवढी वाढते, त्यापुढे जोड द्यावा लागतो आणि तो दिसतो. उलट, वजन उतरलेल्याने दोन इंचांपेक्षा जास्त आवळून घेतली तर मागचे खिसे एकमेकांना भिडतात आणि आसन बिघडतं. टेरिकॉटवर वर्षानुवर्षं बसलेली इस्त्रीची घडी निघत नाही, म्हणून पायाची मोहरी सोडली की जुनी रेघ दिसणारच. शर्ट नवा आणि पँट जुनी अशी जोडी करू नका. दोन ताग्यांचा हिरवा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखा वाटतो, परेडच्या उन्हात फरक उघडा पडतो.

माप भरतीच्या मेडिकलनंतरच द्यावं. शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी, लागते, आणि वजनावरून अडलेल्याचं माप पुन्हा जाईपर्यंत बदललेलं असतं.

दुकानाची कच्ची बाजू म्हणजे नेमप्लेट. ती बाहेरून करून येते, उशीर होतो, आणि नाव तोंडी सांगितलं तर चुकतं. आपल्याकडे हे फार घडतं : घरात आडनावाने ओळखला जाणारा माणूस फौजेच्या कागदावर नुसता ‘रघुनाथ राव’ असतो. आधारवरचं नाव देऊ नका, डिस्चार्ज बुकातलं अक्षरन् अक्षर कागदावर लिहून द्या आणि त्यावर मास्टरची सही घ्या.

कांजी लावून कडक इस्त्रीचे जोड बांधून देण्याची इथे पद्धत आहे. डीएससीचं सेंटर केरळात कन्नूरला, समुद्राकाठी. पावसाळ्यात तिथे कांजीचं कापड मऊ पडतं, वर बुरशी धरते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर बिनकांजीचे कपडे मागा.

सगळे जोड एकदम शिवू नका. दर वर्षीचा ड्रेस अलाउन्स जुलैच्या पगारात येतो, शिवाय सेंटरवर गेल्यावरच कळतं तिथे काय चालतं. आत्ता ऑलिव्ह ग्रीनचे दोन जोड आणि रिबन बार पुरेत. जानेवारी आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात परेडच्या कामाने दुकान भरलेलं असतं. तेव्हा टाकलेलं काम पंधरा तारखेच्या आत मागू नका, घाईत काज बिघडतात.