१० मीटर रेंजसाठी घेतलेली सल्लासेवा : एक अनुभव

आमच्या क्रीडा मंडळाने गेल्या वर्षी गावातील एका जुन्या गोदामात १० मीटर एअर रायफल व एअर पिस्तूल नेमबाजीची सहा लेनची रेंज सुरू केली. त्यासाठी पुण्यातील एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली होती. जागेची पाहणी, आराखडा, कायदेशीर पूर्ततेचा लेखी अहवाल आणि दोन प्रत्यक्ष भेटी असे त्या सेवेचे स्वरूप होते.

या संस्थेकडे जाण्यापूर्वी एका मध्यस्थाने ‘शस्त्र परवाना काढून देतो’ म्हणून मोठी रक्कम सांगितली होती आणि आम्ही ती देण्याच्या बेतात होतो. अहवालाच्या पहिल्याच पानाने तो खर्च वाचवला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या कॅलिबरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असते. मात्र ही सूट शस्त्राला आहे, जागेला नाही, हे त्यांनी ठळकपणे लिहिले. म्हणून प्रत्येक बंदुकीची पावती व उत्पादकाचे तांत्रिक पत्रक एका फाइलीत ठेवणे, तसेच रेंज उघडण्यापूर्वी जिल्हादंडाधिकारी कार्यालय व स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घेणे, ही दोन कामे त्यांनी आमच्याकडून करूनच घेतली. गोदामाचा वापर बदलत असल्याने नगरपरिषदेची परवानगी आधी आणि भाडेकरार नंतर, हा क्रमही त्यांचाच.

मंडळातील काही तरुणांना पॉइंट २२ (०.२२ इंच कॅलिबरची, काडतुसाची) रायफलही हवी होती. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफलमध्ये, म्हणजे याच पॉइंट २२ च्या प्रकारात, कांस्यपदक मिळवल्यापासून हा आग्रह वाढला आहे. येथे सल्लागारांनी संयमाने समजावले. पॉइंट २२ हे अग्निशस्त्र आहे, त्यामुळे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे परवाना सक्तीचे करणारे कलम ३ लागू होते. परवाना, काडतुसांचा हिशेब, कुलूपबंद साठवण आणि गोळी अडवणारी भक्कम भिंत यांतील एकही गोष्ट आमच्या गोदामात शक्य नव्हती. २१ वर्षांखालील व्यक्तीला कलम ९ अन्वये शस्त्र बाळगता येत नाही, आणि लक्ष्यवेधाच्या सरावासाठीची मुभाही ठरलेल्या अटींनीच मिळते, हे ऐकून मुलांचे पालक निर्धास्त झाले. संलग्नता आणि परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही आम्हांला तेव्हाच कळले. जिल्हा व राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय रायफल संघटनेशी जोडले गेल्याने स्पर्धांचे दार उघडते, पण कायद्याने आवश्यक असलेली कोणतीही परवानगी त्यातून मिळत नाही. (या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती, आपले दादासाहेब मावळंकर होते, हे मंडळातील फार थोड्यांना ठाऊक होते.)

आराखड्याचे काम मला सर्वांत आवडले. नेम धरण्याच्या रेषेपुढे उघडणारे गोदामाचे बाजूचे दार त्यांनी कायमचे बंद करायला लावले. लक्ष्यावर किमान १५०० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश पडतो का, हे त्यांनी मीटर लावून पाहिले, आणि प्रत्येक रिकाम्या रायफलीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची दिसणारी खूण) असल्याशिवाय कोणीही लक्ष्याकडे जाणार नाही, ही ओळ आमच्या नियमावलीत पहिली आली. छर्रे विषारी शिशाचे असल्याने कोरड्या झाडूने केर काढू नये आणि सरावानंतर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, इतक्या बारीक सूचनाही अहवालात आहेत.

आता उणीव. अग्निसुरक्षेबद्दल अहवालात केवळ ‘ना-हरकत दाखला घ्यावा’ एवढेच वाक्य होते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावे लागते, हे आम्हांला एका सभासदाच्या ओळखीतील अभियंत्याकडून समजले. मे २०२४ मधील राजकोटच्या गेमझोनच्या आगीनंतर, मुलांची वर्दळ असलेल्या जागेसाठी हा भाग एका वाक्यात उरकला जाणे मला अक्षम्य वाटते. बंदुकीत दाबाखाली हवा भरणाऱ्या सिलिंडरची मुदत तपासण्याची नोंदवहीसुद्धा आम्हीच नंतर सुरू केली.

तरीही एअर रेंज काढू पाहणाऱ्या मंडळांना मी ही सेवा घ्यायला सांगेन. फक्त करारातच अग्निसुरक्षेचे स्वतंत्र प्रकरण लिहून घ्यावे.